सडन ओक डेथ: कोट्यवधी झाडं मारणारा रोग निरोगी दिसणाऱ्या झाडांवरून कसा पसरतो?

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरीन काउंटी लागते. डोंगरउतार, समुद्रावरून येणारं धुकं आणि घरांच्या अंगणापर्यंत येऊन भिडलेलं जंगल. १९९०च्या दशकाच्या मध्यावर इथल्या मिल व्हॅली भागातल्या रहिवाशांना एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. टॅनओक नावाची, वर्षभर हिरवी असणारी झाडं काही आठवड्यांत तपकिरी पडत होती आणि उभ्या उभ्या वाळत होती. साधारण त्याच काळात, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सांताक्रूझ काउंटीतही टॅनओक मरत होते. मग खऱ्या ओकची झाडंही वाळायला लागली.

मेलेल्या झाडांच्या खोडात भुंगेरे सापडत होते, सालीवर बुरशी दिसत होती. पण हे भुंगेरे आणि ही बुरशी या जंगलात आधीपासूनच होती. आजारी झाडावर ते तुटून पडतात, धडधाकट झाडाला असं सपाट्याने मारत नाहीत. म्हणजे झाडाला आधी दुसरंच काहीतरी पोखरत होतं. ते काय, हे कळेपर्यंत लोकांनी या आजाराला एक नाव देऊन टाकलं होतं: ‘सडन ओक डेथ’, म्हणजे ओकचा अचानक मृत्यू.

नाव जगभर रुळलं. पण या नावातला पहिलाच शब्द दिशाभूल करणारा आहे. यातलं काहीच अचानक घडत नाही. पानं तपकिरी पडलेली दिसतात, तेव्हा तो संसर्ग झाडात बऱ्याचदा काही वर्षं मुक्काम करून असतो. आणि झाड मेलेलं दिसतं, तेव्हा रोग तिथून पुढे निघून गेलेला असतो. गेल्या २५ वर्षांत कॅलिफोर्निया, ओरेगन आणि ब्रिटनमध्ये या रोगाशी जी झुंज चालू आहे, तिच्यातल्या बहुतेक अपयशांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

गुन्हेगार सापडला, पण तो बुरशी नव्हता

२००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी, डेव्हिस इथले डेव्हिड रिझो आणि बर्कली इथले मात्तेओ गार्बेलोतो यांनी, मेलेल्या झाडांच्या सालीतून रोगकारक जीव वेगळा काढला. तो फायटोफ्थोरा या गटातला निघाला. ग्रीक भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थच ‘वनस्पतींचा नाश करणारा’ असा आहे.

नेमका हाच जीव तिकडे युरोपात आधीच माहीत होता. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये १९९३पासून रोडोडेंड्रॉन आणि व्हायबर्नम या शोभेच्या झुडपांवर तो आढळत होता. तिथे तो पानांवर डाग पाडणारी, नर्सरीवाल्यांची डोकेदुखी एवढाच होता. २००१ मध्ये त्याचं ‘फायटोफ्थोरा रॅमोरम’ असं नामकरण झालं. कॅलिफोर्नियातलं जंगल मारणारा आणि युरोपातल्या कुंड्यांमध्ये बसलेला जीव एकच आहे, हे लक्षात आलं आणि मग सगळ्यांचीच झोप उडाली.

फायटोफ्थोरा बुरशीसारखा दिसतो, बुरशीसारखाच धाग्यांनी वाढतो, पण जीवशास्त्राच्या हिशेबात तो बुरशीपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळचा आहे. यातला महत्त्वाचा भाग म्हणजे त्याला पाणी लागतं. त्याचे बीजाणू पोहतात. पानावर पावसाच्या पाण्याचा पातळसा थर असेल तर दोन शेपट्यांच्या मदतीने ते त्यातून सरकत जातात. म्हणून ओला वसंत हा या रोगाचा सुगीचा हंगाम, आणि दुष्काळ ही त्याची सक्तीची विश्रांती. विश्रांतीच. जाड आवरणाचे बीजाणू तयार करून तो मातीत आणि वाळल्या पानांत वाट बघत पडून राहू शकतो. कॅलिफोर्नियातल्या दीर्घ दुष्काळानंतर २०१६-१७चा हिवाळा भरपूर पावसाचा गेला आणि थंडावलेली साथ पुन्हा उसळली.

महाराष्ट्रात ओकची नैसर्गिक जंगलं नाहीत. मराठी माणसाला ओक म्हटलं की झाडाआधी आडनाव आठवतं. पण फायटोफ्थोराचं खानदान इथे चांगलंच परिचयाचं आहे. विदर्भातल्या संत्र्याच्या बागा बसवणारा ‘डिंक्या’, गोवा-सिंधुदुर्गातल्या सुपारीवर पावसाळ्यात पडणारा ‘कोळेरोग’, बटाट्याचं अख्खं शेत काही दिवसांत काळं करणारा उशिराचा करपा, हे सगळे याच गटातल्या निरनिराळ्या जातींचे प्रताप. १८४५पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडवून सुमारे १० लाख लोकांच्या मृत्यूला कारण ठरलेला जीवही यांच्यातलाच. पाऊस सुरू होण्याआधी सुपारीच्या झाडावर चढून बोर्डो मिश्रण मारणाऱ्या बागायतदाराला जे ठाऊक आहे, तेच कॅलिफोर्नियाला शिकायला वेळ लागला: डाग दिसल्यावर धावाधाव करून फारसं हाती लागत नाही.

ओक मरतो, पण रोग पसरवतं भलतंच झाड

रोगट ओकच्या खोडातून गडद लालसर-काळा चिकट द्रव झिरपतो. सालीखालच्या, अन्नरस वाहून नेणाऱ्या थरात रोग घुसतो, तिथला भाग मरतो, ही मेलेली पट्टी खोडाभोवती पसरत जाते आणि झाडाचा जणू गळा आवळला जातो. मग भुंगेरे येतात, लाकूड कुजवणाऱ्या बुरशी येतात. सगळ्यात शेवटी शेंडा तपकिरी पडतो आणि लोकांना झाड ‘अचानक’ मेल्याचं कळतं.

पण कोस्ट लाइव्ह ओक या झाडापुरतं बोलायचं, तर रोगाचा प्रवास इथे संपतो. ओकच्या खोडावर नवे बीजाणू जवळजवळ तयारच होत नाहीत. एका ओकपासून दुसऱ्या ओकला लागण होत नाही. साथरोगाच्या भाषेत तो ‘शेवटचं स्टेशन’ आहे.

मग लागण होते कुठून? बहुतेक वेळा शेजारच्या कॅलिफोर्निया बे लॉरेलवरून. हे झाड तमालपत्र आणि दालचिनीच्या कुळातलं. पान चुरडलं की झणझणीत वास येतो, आणि तिकडचे लोक ते स्वयंपाकातही वापरतात. रॅमोरमची लागण झाली की बेच्या पानाच्या टोकाशी, जिथे पावसाचं पाणी साचून राहतं तिथे, एक तपकिरी डाग पडतो. बस, एवढंच. झाड मरत नाही, सुकत नाही, मरगळतही नाही. पण त्या डागावर बीजाणूंचं पीक येतं. वाऱ्यासोबत येणारा पाऊस ते उडवून शेजारच्या ओकच्या खोडावर नेऊन टाकतो.

कोविडच्या काळात ‘लक्षणं नसलेला वाहक’ हा शब्दप्रयोग घराघरांत पोचला. बे लॉरेल म्हणजे या जंगलातला तसा वाहक, फक्त जन्मभराचा.

यातून एक उलटं चित्र तयार होतं. विमानातून किंवा ड्रोनने पाहणी केली तर दिसतात मेलेली तपकिरी झाडं, आणि नकाशावर खूण होते तीही त्यांचीच. रोग मात्र आसपासच्या हिरव्यागार पानांवर असतो आणि तिथून पुढे सरकत असतो. मेलेल्या झाडांचा नकाशा हा रोगाचा जुना पत्ता असतो. म्हणून आता शास्त्रज्ञ झाडांइतकंच ओढ्यांकडे लक्ष देतात. जाळीच्या पिशवीत रोडोडेंड्रॉनची ताजी पानं भरून ती ओढ्यात सोडतात. वरच्या जंगलात कुठेही रोग असेल तर वाहून आलेले बीजाणू या पानांना चिकटतात आणि डाग पडतो. उंदीर पकडायला पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवावा, तसा हा प्रकार.

टॅनओकची गत सगळ्यात वाईट. ते स्वतःही मरतं आणि त्याच्या कोवळ्या फांद्यांवर, पानांवर बीजाणूही तयार होतात. त्यामुळे ओरेगनमध्ये, जिथे मुख्यतः टॅनओकचीच जंगलं या रोगाच्या तावडीत सापडली, तिथे बे लॉरेलशिवायही साथ पसरली. मेलेल्या टॅनओकच्या बुंध्यातून नवे धुमारे फुटतात, त्यांनाही लागण होते आणि तेही मरतात. झाड मुळापासून नाहीसं होत नाही, पण फळ धरण्याइतकं मोठंही होत नाही.

फळ गेलं, म्हणजे काय गेलं?

टॅनओकच्या सालीतल्या टॅनिनचा एकेकाळी कातडी कमावण्यासाठी मोठा वापर होता, त्यावरूनच त्याचं नाव पडलं. इमारती लाकडाच्या धंद्यासाठी ते बिनकामाचं, इतकं की वनखात्यांनी आणि लाकूड कंपन्यांनी अनेक वर्षं ते तण समजून काढून टाकलं. साथीच्या सुरुवातीच्या काळात या झाडाच्या मरण्याची हळहळ फारशी न वाटण्याचं हेही एक कारण असावं.

युरोक, हुपा, करुक, काशिया पोमो अशा मूळनिवासी समाजांसाठी मात्र टॅनओकचं फळ हे मुख्य अन्न होतं. फळ वाळवून साठवायचं, दळायचं, पाण्याने धुऊन त्यातलं कडू टॅनिन काढायचं आणि त्याची पेज किंवा लापशी करायची. सह्याद्रीतले आदिवासी कडूकंद उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून खाण्याजोगा करतात, त्याच जातीचं हे ज्ञान. हे पदार्थ त्यांच्या सण-समारंभांत आजही लागतात. जंगलात टॅनओक धुमाऱ्यांच्या रूपात शिल्लक आहे असं कागदावर म्हणता येतं, पण फळ वेचायला जाणाऱ्यांच्या हिशेबात ते झाड गेलेलंच आहे.

किती झाडं मेली? कॅलिफोर्निया आणि ओरेगन मिळून वैज्ञानिकांचे अंदाज ४ ते ५ कोटींच्या घरात जातात. कॅलिफोर्नियाच्या १६ किनारी काउंट्यांमध्ये रोग जंगलात मुरलेला आहे.

मेलेली झाडं आगीलाही नवं बळ देतात. २००८ साली बिग सरच्या जंगलात मोठा वणवा पेटला. तिथे आधीपासून या रोगाच्या अभ्यासासाठी आखलेले भूखंड होते, त्यामुळे आगीपूर्वीची आणि नंतरची स्थिती ताडून बघता आली. एरवी आगीला दाद न देणारे महाकाय रेडवुड, ज्यांना रॅमोरम मारत नाही, ते रोगग्रस्त भागांत चौपट प्रमाणात मेलेले आढळले. मेलेल्या टॅनओकचं वाळकं लाकूड आणि उभी कलेवरं यांनी आग वाढवली होती. म्हणजे ज्या झाडाला हा रोग स्वतः मारत नाही, तेही या रोगामुळे मेलं.

कुंडीतून हजारो किलोमीटर

वारा-पाऊस बीजाणूंना साधारणपणे काही मीटर नेतात, वादळ असेल तर त्याहून बरंच लांब. गिर्यारोहकांच्या बुटांना आणि गाड्यांच्या चाकांना चिकटलेली ओली माती आणखी पुढे नेते. पण खंड ओलांडायला माणसाचा व्यापारच लागतो. रॅमोरमच्या जगभरच्या प्रवासाचं वाहन म्हणजे शोभेची झाडं: रोडोडेंड्रॉन, कॅमेलिया, व्हायबर्नम, पिएरिस. बेसारखीच ही झुडपंही सहसा मरत नाहीत. त्यात नर्सरीत मारली जाणारी काही बुरशीनाशकं रोगाला मारत नाहीत, फक्त दाबून ठेवतात. झाड टवटवीत दिसतं, विकलं जातं, आणि गिऱ्हाइकाच्या अंगणात फवारणी थांबली की डाग बाहेर येतात.

२००४ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या नर्सरीत कॅमेलियांवर रोग सापडला. तोवर तिथली झाडं देशभरातल्या अनेक राज्यांत पोचली होती. मागोवा घेताना वीसएक राज्यांत लागण झालेली रोपं सापडली. पंधरा वर्षांनी, २०१९च्या वसंतात, हेच नाट्य पुन्हा घडलं. या वेळी रोडोडेंड्रॉन होते आणि ते पश्चिमेकडून मध्य अमेरिकेतल्या डझनभराहून अधिक राज्यांत, मोठ्या साखळी दुकानांमार्फत विकले गेले होते. त्या वसंतात घेतलेलं रोडोडेंड्रॉन उपटून नष्ट करा, असं आवाहन लोकांना करावं लागलं.

योगायोग असा, की केंद्र सरकारने नर्सरींसाठीचे नियम त्याच वर्षी बदलले होते. मे २०१९पासून लागू झालेल्या नियमांनुसार, आंतरराज्य विक्री करणाऱ्या ज्या नर्सऱ्यांमध्ये अलीकडच्या वर्षांत हा रोग सापडला होता, मुख्यतः त्यांच्यावरच तपासणीचा रोख ठेवण्यात आला. कमी मनुष्यबळ जिथे धोका जास्त तिथे वापरावं, हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण जो रोग सापडण्याआधीच पुढे गेलेला असतो, त्याच्याबाबतीत ‘जिथे सापडला होता तिथेच शोधा’ हे धोरण तोकडं पडणार, हेही उघड आहे.

ब्रिटनचा अनुभव याच धड्याची पुढची पायरी. तिथे २००२ मध्ये हा रोग पहिल्यांदा सापडला आणि अनेक वर्षं तो बागांपुरताच त्रासदायक होता. ब्रिटनमधले ओक तर या रोगाला बऱ्यापैकी तोंड देणारे. २००९ मध्ये मात्र नैऋत्य इंग्लंडमध्ये लाकडासाठी लावलेले जपानी लार्च मरायला लागले. लार्चच्या सुयांवर बीजाणूंचं अमाप पीक येतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यानंतर रोग दिसला की तोडीची सक्तीची नोटीस, असं सत्र सुरू झालं. वेल्समधल्या कुमकार्न जंगलातला पर्यटकांचा आवडता घाटरस्ता २०१४ मध्ये बंद करून सुमारे १ लाख ६० हजार लार्च तोडावे लागले. रस्ता पूर्ण खुला व्हायला २०२१ उजाडलं.

थांबवता आला असता का?

२०१६ साली केंब्रिज विद्यापीठ आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी संगणकीय प्रारूप वापरून हाच प्रश्न विचारला. उत्तर कॅलिफोर्नियासाठी क्लेशकारक होतं. राज्यभरातून रोग हटवणं आता शक्य नाही. २००२च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर, एकसंध आणि सातत्याने झाडतोड केली असती, तर साथ आटोक्यात येऊ शकली असती. नंतरच्या काळात तोडीसाठी जागा निवडतानाही, लागण झालेली प्रत्येक जागा गाठण्यापेक्षा साथीची आघाडी जिथे पुढे सरकते आहे तिथे जोर लावणं जास्त फायद्याचं, असंही त्यांनी दाखवलं. २००२ मध्ये रोगकारक ओळखला जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. मेलेली झाडं तुलनेने थोडी होती. तेव्हा हजारो हिरवी झाडं तोडायला पैसे आणि परवानगी मागणं राजकीयदृष्ट्या किती अवघड होतं, याची कल्पना करता येते.

शेजारच्या ओरेगनने तेच करून पाहिलं. २००१ मध्ये करी काउंटीत ब्रुकिंग्जजवळ रोग सापडताच राज्याने रोगट झाडं आणि त्यांच्याभोवतीची निरोगी झाडंही तोडून जाळायला सुरुवात केली. सुरुवातीचं निर्बंध क्षेत्र ९ चौरस मैलांचं होतं. २०१५पर्यंत ते ५०० चौरस मैलांच्या पुढे गेलं. मधल्या काळात ‘समूळ उच्चाटन’ हे उद्दिष्ट सोडून ‘वेग कमी करणं’ हे नवं उद्दिष्ट स्वीकारण्यात आलं. याला अपयश म्हणायचं का? आकडे बघितले तर हो. पण करी काउंटीपलीकडच्या जंगलांना मिळालेली वर्षं हिशेबात धरली, तर तितकं सरळ उत्तर देता येत नाही.

ओरेगनची खरी धास्ती आता वेगळी आहे. २०१५ मध्ये तिथल्या जंगलात रॅमोरमचा युरोपातला वंश, ईयू१, सापडला. तोवर अमेरिकेच्या जंगलात एनए१ हा वंश होता. या दोघांचे प्रजननप्रकार वेगवेगळे आहेत. आजवर रॅमोरम स्वतःच्या प्रती काढत पसरत आला. दोन प्रकार एकाच जंगलात नांदायला लागले तर संकर होऊन नवी, अधिक लवचिक पिढी निपजण्याची शक्यता तत्त्वतः तयार होते. शिवाय ईयू१ने शंकूच्या आकाराची फळं धरणाऱ्या झाडांनाही त्रास दिल्याचा ब्रिटनचा अनुभव ताजा आहे, आणि ओरेगनची लाकूड बाजारपेठ डग्लस फर या अशाच झाडावर उभी आहे. टॅनओक मरत असताना जी बाजारपेठ शांत होती, ती आता सावध झाली आहे.

हा जीव मुळात आला कुठून, याचं उत्तर २०२१मध्ये मिळालं. उत्तर व्हिएतनाम आणि नैऋत्य जपानमधल्या सदाहरित डोंगरी जंगलांत त्याचे आठ नवे वंश सापडले. तिथली झाडं त्याच्यासोबत उत्क्रांत झालेली असल्याने तिथे झाडांचा सडा पडलेला दिसत नाही. नवे वंश सापडणं म्हणजे व्यापाराच्या वाटेने अजून बाहेर न पडलेले नातेवाईक मागे शिल्लक आहेत, असाही त्याचा अर्थ होतो.

सध्या काय करता येतं?

रोग झालेल्या ओकवर औषध नाही. निरोगी ओकच्या खोडात पोटॅशियम फॉस्फाइट टोचलं किंवा सालीवर फवारलं तर झाडाची प्रतिकारशक्ती वाढते, पण हे लागण होण्याआधी करावं लागतं आणि ठरावीक काळाने पुन्हा करावं लागतं. अख्ख्या जंगलासाठी ते परवडणारं नाही, अंगणातल्या दोन-चार जुन्या झाडांसाठी आहे. दुसरा उपाय म्हणजे मोलाच्या ओकजवळचे बे लॉरेल तोडणं.

इथे पेच आहे. बे हे परदेशातून आलेलं आगंतुक झाड नाही, ते तिथलंच आहे. त्याची भाजलेली फळं मूळनिवासी समाज खात आले आहेत. सगळे बे तोडणं शक्यही नाही आणि शहाणपणाचंही नाही. मग कुठला तोडायचा?

त्यासाठी बर्कलीतल्या गार्बेलोतो यांच्या प्रयोगशाळेने २००८पासून ‘सॉड ब्लिट्झ’ नावाची मोहीम चालवली आहे. दर वसंतात स्वयंसेवक आपापल्या भागात फिरून बेची डाग पडलेली पानं गोळा करतात, प्रत्येक झाडाची जागा नोंदवतात आणि पानं पाकिटात घालून तपासणीला देतात. यात मेलेल्या ओककडे कुणी फारसं बघत नाही. शोध असतो तो हिरव्या झाडावरच्या त्या एका डागाचा. तपासणीचे निकाल शरदात नकाशावर चढतात. कॅलिफोर्नियात पाऊस साधारण नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे कुठल्या ओकला फॉस्फाइट द्यायचं आणि अंगणातला कुठला बे पाडायचा, हे ठरवायला घरमालकांच्या हातात जेमतेम काही आठवडे असतात.